कराची ते बेळगाव सहा तास

कराचीहून बेळगाव विमानानं सहा तासांवर आहे, असं मी एकदा निपाणीत चार माणसांपुढं छाती काढून सांगितलं, आणि त्या सहा तासांपायी माझं लग्न मोडायची पाळी आली. हौसाला जाऊन आता वरीस झालं. आईबद्दल काहीतरी लिहून ठेवा म्हणून पोरं मागं लागली आहेत, नातीनं वही आणून दिली, पेन आणून दिलं. पण हौसाचं सगळं लिहायचं म्हणजे माझं शिक्षण पुरत नाही. मी मराठी तिसरीतून उठलेला माणूस. म्हणून लग्नाआधीचे बारा दिवसच तेवढे लिहितो. बाकीची पन्नास वर्षं ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्यांनी बघितली आहेत.

आमचं घर शहापुरात. घर म्हणजे पुढं एक लांबडी खोली, तिच्यात जमिनीत खड्डे करून बसवलेले दोन माग, मागं चूल, आणि मधल्या जागेत आम्ही माणसं. माग सुरू झाला की शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नसे, त्यामुळे आमच्यात सगळ्यांना ओरडून बोलायची सवय. माग बंद असला तरी आम्ही ओरडूनच बोलायचो. नवीन माणूस दारात आला की त्याला वाटायचं, आत भांडण चाललंय, मग येऊ. सकाळी गल्लीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, ताणून बांधलेला असे. बाया त्याला खळ लावत पुढं मागं चालायच्या. त्या खळीचा आंबूस वास आणि घराघरातल्या जोंधळ्याच्या भाकरीचा वास एकत्र व्हायचा आणि पोटात आग पडायची. गल्लीत म्हैस शिरली तर आधी ताणा वाचवायचा, मग पोरं. न्याहरीला भाकरी, शेंगाचटणी आणि दही. दही असलं तर. आता गल्लीत यंत्रमाग आहेत. त्यांचा आवाज मोठा आहे, पण त्याला ताल नाही. मला दुपारची झोप येत नाही, ती त्यामुळेच येत नाही असं मी डॉक्टरला सांगितलं. डॉक्टर म्हणाला, वय झालंय. बरं, झालं.

वडील लवकर गेले. त्यांच्या जागी माझा थोरला भाऊ, अण्णा. अण्णा मागावर बसायचा, पण पाठीनं दगा दिला, म्हणून एका ओळखीनं तो कराचीला गेला आणि बंदरावरच्या गोदामात पोती मोजायच्या कामाला लागला. वहिनी आमच्याकडंच राहिली. तीन वर्षं तो घरी आला नव्हता. आईला मैल कळत नव्हते, घड्याळ कळत नव्हतं, तिला लुगडं कळत होतं. साधं नऊवारी लुगडं आमच्या मागावर चार दिवसांत उतरायचं, आणि आई सगळ्या जगाचं अंतर त्यावर मोजायची. तिचं माहेर एका पदराएवढं लांब. कराची म्हणजे आगगाडीनं एक लुगडं, वर थोडा काठ. अण्णाचं पत्र यायला दोन लुगडी लागायची, लढाई सुरू झाल्यावर तीन लागायला लागली. वहिनी सुताच्या कांड्या भरताना मध्येच विचारायची, "आत्ती, पत्राचं किती विणून झालं?" आणि आई मागाकडं बघून सांगायची, "पदर आलाय गं, येईल दोन दिसांत." आणि यायचं. पोस्टातसुद्धा एवढा हिशेब कुणाला जमत नसावा.

लढाईत सूत मिळेना झालं. दोन मागांतला एक थांबला, आणि मी सांबऱ्याला विमानतळाचं काम चाललं होतं तिथं खडी पसरायला जाऊ लागलो. जाता येता चालत. तिथं एक पंजाबी लॉरीवाला होता, ढेरपोट्या, गप्पिष्ट. त्याला हिंदीतून कराची विचारलं तर तो हसून म्हणाला, कराची काय, सकाळचा चहा कराचीत घ्यायचा, वाटेत मुंबईला उतरून विमानात तेल भरायचं, आणि दुपारचं जेवण इथं. सहा तास. त्यानं हे कुठल्या विमानाचं सांगितलं, त्यात कोण बसतं, हे मी विचारलं नाही. मी ते सहा तास उचलले आणि घरी आणले. आईनं हातातला धोटा थांबवला. म्हणाली, "सहा तास म्हंजे किती रं?" मी मोजून सांगितलं, तीन हात विणून होतंय न होतंय तेवढं. आई कितीतरी वेळ विणलेल्या कापडाकडंच बघत राहिली. मग म्हणाली, "माझा अण्णा तीन हातांवर हाय म्हण की." त्या दिवशी तिनं मला दुधाची साय वाढली. खरं म्हणजे अण्णा होता तिथंच होता. पण घरात सगळ्यांनाच बरं वाटलं, आणि मला फुशारकीची चव कळली.

मग माझ्या लग्नाचं निघालं. मुलगी निपाणीची. मामा आणि मी बघायला गेलो. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, मागं एक बंब बांधलेला असायचा. बेळगावहून निपाणीला जायला आख्खी सकाळ गेली. तवंदीच्या घाटात सगळ्यांनी उतरून मोटार ढकलली, आणि मुलगी बघायला निघालेला मी, धुतलेल्या धोतरावर काजळी घेऊन निपाणीत उतरलो. मुलीचा बाप, आप्पा, मूळचा आमच्यातलाच विणकर, पण माग सोडून तंबाखूच्या वखारीत काट्यावर लागलेला. तोलाई करायचा. शेतकऱ्यापासून सावकारापर्यंत निपाणीत कुणीही त्याच्या काट्यावर शंका घेत नसे. उंच, वाळका, कमी बोलणारा. त्याच्या घराच्या दोन्ही अंगाला वखारी, आणि हवेत अशी तंबाखू की मामाला उंबऱ्यातच शिंका सुरू झाल्या. मला मुलगी बाहेर आली तेव्हा सुरू झाल्या. ती भडंगाची ताटली घेऊन समोर उभी आणि मी नाकाला धोतर लावून एकामागून एक शिंका देतोय. तिनं मान खाली घातलेली होती, पण खांदे हलत होते. मी पहिल्यांदा हौसाचे खांदे बघितले, तोंड नंतर.

बोलणं चांगलं चाललं होतं. देणंघेणं काही नव्हतं. लुगडं कसलं हे तेवढं ठरलं. आमच्यात अशी रीत होती की सून घरात यायची ती सासरच्या मागावर विणलेल्या लुगड्यात. ते मागावरून उतरल्याशिवाय लग्न लागत नसे. सुताची टंचाई होती म्हणून मामानं सांगितलं, साधा पदर करू. आप्पा म्हणाले, चालंल. मग त्यांनी विचारलं, तुमच्यात वडील नाहीत, मग देवकाला कोण बसणार? मामा म्हणाला, थोरला भाऊ आणि वहिनी बसतील, पण भाऊ कराचीला आहे, त्याला सवड द्यावी लागेल. इथं आप्पांचा चेहरा बदलला. भटजीनं जवळचे दोनच मुहूर्त काढले होते. एक पुढचा गुरुवार, सहा दिवसांवर. दुसरा त्याच्या पुढचा बुधवार, पण त्या दिवशी वखारीत हंगामाचा काटा लागत होता, आणि काटा लागला की आप्पा दोन महिने कुणाचे नव्हते. गुरुवारी जमत नसेल तर हंगाम संपल्यावर बघू, असं ते म्हणाले, आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की इचलकरंजीचं एक स्थळ येऊन गेलंय, पोरगा बरा आहे. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. मुलगी ऐकत होती. मला काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणालो, "अण्णा इमानानं येतोय की. सहा तास लागत्यात. मी सांबऱ्यालाच कामाला हाय, रोज बघतोय."

मामानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्याच्यादेखत मोठा झालो. आप्पांनी विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की. आप्पा म्हणाले, "मग गुरुवार. आन् पोरा, मी एकदाच तोलतो. एकदा सांगितलं त्यात मागनं छटाक कमी निघालं तर त्या माणसाचा माल मी पुन्हा काट्याला लावत न्हाय." मी हसलो. हसायची ती वेळ नव्हती.

परत येताना मोटारीत मामा प्रत्येक उतारूला सांगत होता की आमचा भाचा इमानानं येणार आहे. शहापुरात पोचायच्या आत खडेबाजारात बातमी पोचली होती. एका मोठ्या कापडवाल्यानं, ज्यानं आयुष्यात आम्हाला कधी बस म्हटलं नव्हतं, मला बोलावून विमानाचं तिकीट कुठं मिळतं ते विचारलं. मी सांगितलं, ओळख लागते. आईनं अण्णाला तार करायला लावली आणि उतरल्या उतरल्या त्याला काय वाढायचं याचा विचार करायला लागली, कारण विमानातून आलेल्या माणसाला भूक लागते का हे तिला कुणी सांगत नव्हतं. मी दोन दिवस जेवलो नाही. पोत्यांची मोजणी करणाऱ्या माणसाला विमानात कोण बसवून घेतो? विमानं होती ती गोऱ्या साहेबांची आणि लष्कराची. तार वाचून अण्णाला वाटणार की घरात कुणीतरी वेडं झालंय.

सोमवारी अण्णाची उलट तार आली. इंग्रजी होती. ती वाचायला आम्ही गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरांकडं गेलो. मी, आई, वहिनी, मामा. मास्तरांनी चष्मा लावला, दोन वेळा वाचलं आणि सांगितलं, रजा गुरुवारपासून मिळाली आहे, गुरुवारी आगगाडीनं निघतो. आगगाडीनं. म्हणजे हैदराबाद सिंध, मारवाड, अहमदाबाद, मुंबई, पुणे, मिरज, बेळगाव. एक लुगडं, वर थोडा काठ. ज्या वेळेला निपाणीत माझ्या डोक्यावर अक्षता पडणार होत्या, त्या वेळेला अण्णा कराचीच्या स्टेशनात गाडीची वाट बघत असणार होता. आई उठली. घरी आली, मागात उतरली आणि विणायला लागली. आमच्या घरात आईचं बोलणं थांबलं की माग जोरात चालायचा. मंगळवार सकाळपर्यंत तो थांबला नाही. मध्ये एकदाच तिनं मान वर केली आणि मला म्हणाली, "तीन वर्सांनी माझं पोर येतंय, आन् तुझ्या जिभेपायी ते मांडव उठल्यावर येणार. देवकाला मामा बसंल. मला मातुर तू तोंड दावू नगंस." वहिनीनं तर मला भाकरी वाढताना ताट आपटलं. तिनं नवऱ्याचं तोंड तीन वर्षं बघितलं नव्हतं, आणि जोडीनं देवकाला बसायचं तिच्या हातून जाणार होतं. खरं सांगून मुहूर्त हलवावा, तर आप्पा सोयरीक मोडणार. न सांगावं, तर अण्णाचा मांडव चुकणार. दोन्ही माझ्याच हातानं केलेलं.

इथं थोडं थांबून सांगतो. हौसाचं जास्त झालं तेव्हा आमचा धाकटा दिल्लीत होता. फोन गेल्यावर तो निघाला, गोव्यापर्यंत विमानानं, पुढं टॅक्सीनं. नऊ तासांत घरात. सगळे म्हणाले, किती लवकर आला. ती त्याच्याआधी दोन तास गेली होती. तेव्हापासून कुणी मला अमुक ठिकाण अमुक तासांवर आहे म्हटलं की मी ऐकून घेतो आणि गप्प बसतो. असो. मंगळवारचं सांगत होतो.

मंगळवारी दुपारी निपाणीहून मुलीचा चुलता आला. खडेबाजारात काही काम होतं, जाता जाता निरोप द्यायला थांबलो म्हणाला. पण जाता जाता थांबलेला माणूस असा टोपी काढून, पुन्हा घालून, पाण्याचा तांब्या हातात धरून बसत नाही. आम्हाला वाटलं, विमानाचं फुटलं. शेवटी तो म्हणाला, "आता कसं सांगावं. पोरगी हटून बसलीया. म्हणती, साधा पदर न्हाय घेणार, मला टोपपदर पायजे."

टोपपदर म्हणजे लाल रेशमाचा पदर आणि त्यात पांढरे उभे दात, ओळीनं. त्यासाठी पदराचे धागे वेगळे तयार करायचे, आणि मागावरच्या सुताच्या एकेका धाग्याला रेशमाचा एकेक धागा जोडायचा. हजारांनी धागे. जोडून झाल्यावर दात विणायचे, ते एकेक हातानं उचलून. आमच्या मागावर त्या घटकेला लुगड्याचं अंग विणून झालं होतं आणि पदर तेवढा राहिला होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आईनं त्या चुलत्याला सुनावलं असतं की ठरलेलं मोडून मागते ती सून आमच्या घरात नांदणार कशी. तिनं तोंड उघडलंही होतं. मग ते तसंच उघडं राहिलं. तिनं मागाकडं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "लई हौशी दिसतीया तुमची पोरगी. बरं. पयलीच सून न्हाय, पर शेवटची हाय. करतो. मातुर गुरुवारी उतरणार न्हाय, सोमवार उजाडंल. तुमच्या भावाला सांगा, बुधवारचा मुहूर्त धरा. लुगडं मागावर ठिवून आमी मांडवात येत न्हाय." चुलता म्हणाला, बुधवारी काटा लागतो, दादा लई तापणार. आई म्हणाली, "मग पोरीला समजवा." चुलता उठला. तो गल्लीच्या वळणावर गेला आणि आई मागाच्या तुळईला धरून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. मग मला म्हणाली, सोमवारपर्यंत अण्णा येतोय, रेशमाची पेटी काढ. वडिलांनी ठेवलेल्या चार लडी होत्या तिच्यात.

ते पाच-सहा दिवस आमच्या घरासारखं सुखी घर शहापुरात नव्हतं. आई आणि वहिनी समोरासमोर बसून धागे जोडायच्या आणि नव्या सुनेला नावं ठेवायच्या. आली की तिच्याकडनं किती कांड्या भरून घ्यायच्या ते ठरवायच्या. वहिनी गाणं म्हणायची. शेजारणी बघायला यायच्या आणि दोन-दोनशे धागे जोडून जायच्या. मी दात विणायला बसलो. चुकलो, उसवलं, परत विणलं. निपाणीहून निरोप आला की आप्पांनी दोन दिवस मुलीशी बोलणं टाकलं, पण रीत त्यांनाही मोडवेना, वखारीत एका दिवसासाठी दुसऱ्याला काट्यावर उभं केलंय, बुधवार पक्का. सोमवारी लुगडं उतरलं. त्याच सोमवारी सकाळी मी स्टेशनवर गेलो. गाडी आली, थांबली, गेली. अण्णा नव्हता.

देवक मंगळवारी. मंगळवारी बारा वाजले, एक वाजला. आई चौकटीला टेकून उभी. मामाला सोवळं नेसवून बसवलं होतं. आणि गल्लीच्या टोकाकडून एक काळाकुट्ट माणूस खांद्यावर वळकटी घेऊन येताना दिसला. तो अण्णा होता. चार दिवस आणि चार रात्री तो डब्यात उभ्यानं, नाहीतर पेटीवर बसून आला होता. मिरजेपासून त्याला बसायला जागा मिळाली आणि तिथंच सगळं बिघडलं. तो झोपला. बेळगाव आलं, गेलं. खानापूर गेलं. कुणीतरी हलवलं तेव्हा गुंजी. जंगलातलं स्टेशन, परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. शेवटी एका मालगाडीच्या गार्डनं दया येऊन त्याला आपल्या डब्यात घेतलं, तो कोळशासकट आला. वहिनीनं त्याला बघून पदरानं तोंड झाकलं, मला वाटलं रडते, ती हसत होती. मागच्या दारी त्याच्या डोक्यावर पाणी ओतताना तिनं त्याला विमानाची सगळी गोष्ट सांगितली. मी भिंतीआड उभा होतो. अण्णानं अंग पुसलं. बाहेर आला, डोळे लाल, माझ्याकडं बघितलं आणि पाटावर जाऊन बसला. देवक झालं. मग तो जो झोपला तो निपाणीच्या मोटारीत घातला तेव्हाही झोपलेलाच होता. घाटात आम्ही मोटार ढकलली ती अण्णासकट.

निपाणीत मांडव चांगला घातला होता. आतून हुग्गीचा वास येत होता, गव्हाच्या, गुळाच्या खिरीचा. मुहूर्त दिवस मावळताना. भटजींनी पाण्यात घटिकापात्र सोडलं होतं. भोकाचं वाटीसारखं भांडं, ते भरून बुडालं की वेळ झाली. अंतरपाट धरलेला. इकडं मी, तिकडं हौसा. मला फक्त टोपपदराचं टोक दिसत होतं, मीच विणलेले दात, त्यातला एक वाकडा. सगळे हातात अक्षता घेऊन गप्प उभे, भांडं भरायची वाट बघत. आणि त्या शांततेत, वेळ घालवायला म्हणून, आप्पांनी अण्णाला विचारलं, "काय पाव्हणं, इमानात किती तास गेलं? पोरगं सहा म्हणत हुतं."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. हा माणूस एक पोतं कमी भरलं तर साहेबाला तोंडावर सांगणारा. चार दिवस उभा राहून आलेला. तो खाकरला आणि म्हणाला, "व्हय, सहा... साडेसहा म्हणा." त्याचे कान लाल झाले. माझा थोरला भाऊ माझ्यापायी भर मांडवात खोटं बोलत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. ते काही मला बघवेना. मी म्हणालो, "अण्णा खोटं बोलतोय. माझ्यासाठनं बोलतोय. तो आगगाडीनं आला, पाच दिस लागलं, आन् झोप लागून गुंजीला गेलता. इमानाचं मी ठोकून दिलतं. इचलकरंजीच्या स्थळाचं ऐकलं आन् बोलून गेलो."

मामा मटकन खाली बसला. आप्पांनी हातातलं अक्षतांचं ताट हळूच खाली ठेवलं. आप्पा म्हणाले, "म्हंजे तोललेलं समदं खोटं."

तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडनं आवाज आला. नवरीनं मांडवात तोंड उघडायचं नसतं, निपाणीत नाही आणि शहापुरातही नाही. "आप्पा, मला ठाव हुतं."

"काय ठाव हुतं?"

"इमान न्हाय ते. म्हणून तर टोपपदर मागितला. त्येला दिवस लागत्यात."

आधी वहिनी हसली. तिला आवरेना. मग कुठूनतरी बायकांत हसू फुटलं आणि पसरलं. आप्पा अंतरपाटाकडं बघतायत, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिकडं. आयुष्यभर लोकांचा माल तोलणाऱ्या माणसाला घरातल्या पोरीनंच काट्याला लावलं होतं. भटजी म्हणाले, घटिका भरत आली, काय ते लवकर ठरवा, हे भांडं कुणासाठी थांबत नाही. आप्पांनी वाकून ताट उचललं. मला म्हणाले, "जावईबापू, खरं बोलाया बारा दिस लावलं तुमी." मग अक्षतांची मूठ भरून घेतली आणि म्हणाले, "पर आमच्या म्होरं बोललासा. म्हणा मंगलाष्टका."

अण्णा पुढं फाळणीपर्यंत कराचीतच होता, मग आला तो कायमचा. आता ती कराची दुसऱ्या देशात आहे आणि तिथून इथं यायला किती तास लागतात हे मला सांगणारं कुणी नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी परत येताना मोटारीत मी हौसाला हळूच विचारलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "आप्पांनी गुरुवार म्हटलं आन् तुमच्या हातातलं भडंग तोंडापत्तूर गेलंच न्हाय. दारातनं दिसत हुतं." मी विचारलं, मग आप्पांना का नाही सांगितलंस. ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "सांगितलं असतं तर त्येनी मला इचलकरंजीला दिलं असतं की." मग थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाली, "एक मातुर ऐका. लोकांम्होरं आता कदी ठोकून द्यायचं न्हाय. माझ्याम्होरं दिलं तर चालंल."

मी ते पाळलं. बाहेर मला लोक तोंडाळ म्हणतात, फटकळ म्हणतात, जे आहे ते मी तोंडावर सांगतो. सांबऱ्यात बघितलेली विमानं, मारलेला वाघ, साहेबानं माझ्याशी मिळवलेला हात, हे सगळं घरात, तिच्यापुढं, ती भाकरी थापताना. ती ऐकायची, खांदे हलायचे आणि म्हणायची, बरं, मग? आता घरातसुद्धा खरंच बोलावं लागतं. त्यात काही गंमत नाही.